लग्नाच्या फुलांचं बिल नेमकं कशाचं असतं?

जुलै २०२५ मध्ये पावसाळी अधिवेशनात प्लास्टिकच्या फुलांचा विषय विधानसभेत निघाला. फूलउत्पादक शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं जुनंच आहे. सणासुदीला आणि लग्नसराईत सगळीकडे नकली फुलांच्या माळा लटकतात आणि शेतातल्या झेंडूला तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. सरकारकडून बंदीचं आश्वासन मिळालं. हेच गाऱ्हाणं घेऊन फूलउत्पादक त्याआधी मुंबई उच्च न्यायालयातही गेले होते.

ज्यांच्या घरी कार्य ठरलंय त्यांना मात्र या बातम्या वाचून वेगळीच धास्ती वाटते. खरी फुलं आपल्याला परवडतील का? डेकोरेटर ‘फ्लॉवर डेकोरेशन’ म्हणून एकच आकडा कागदावर लिहून देतो. त्यात फुलं किती, मजुरी किती आणि सांगाड्याचं भाडं किती, हे कळायला मार्ग नसतो. माझं म्हणणं असं आहे की, आपल्या भागातली, हंगामातली फुलं घेतली तर स्वस्ताई आणि पर्यावरण या दोन्ही गोष्टी एकाच खरेदीत साधतात. खिशाला आणि नदीनाल्यांना जड जातं ते बहुतेक वेळा फुलांच्या मागचं आणि खालचं सामान. ते कसं, हे मुळापासून बघू.

किलोची फुलं आणि जुडीची फुलं

फूलबाजारात दोन वेगळी जगं आहेत. एक सुट्या फुलांचं. झेंडू, शेवंती, अष्टर, गुलछडी (म्हणजेच निशिगंध), मोगरा, कागडा ही फुलं देठाशिवाय तोडून गोणीत, क्रेटमध्ये किंवा करंडीत भरून येतात आणि किलोवर विकली जातात. दुसरं जग काडीच्या फुलांचं, ज्यांना व्यापारी ‘कट फ्लॉवर’ म्हणतात. डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन, ऑर्किड, लिलियम. ही लांब दांड्यासकट कापतात, पाण्यात ठेवतात, जुडी बांधतात आणि जुडीवर विकतात. डच गुलाबाची जुडी वीस नगांची, जरबेऱ्याची दहाची.

सुटी फुलं बहुतेक उघड्या शेतात येतात. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात पुरंदर, दौंड, हवेली या तालुक्यांतून ती पहाटे येऊन पोचतात. दादरच्या फूलबाजारात वसई-पालघरकडची फुलं थेट लोकलनं उतरतात. जव्हार, विक्रमगडकडच्या आदिवासी शेतकऱ्यांचा मोगराही मुंबईच्या बाजाराकडेच जातो. शेतातून बाजार आणि बाजारातून मांडव, एवढाच प्रवास. मधे शीतगृह नाही, थंड गाडी नाही, प्रत्येक फुलाला प्लास्टिकची टोपी नाही.

काडीच्या फुलांना हे सगळं लागतं. पॉलिहाउसचा कागद, ठिबकमधून मोजून दिलेली खतं, तोडल्याबरोबर शीतगृह, मग खोकी. डेंड्रोबियम ऑर्किड तर बऱ्याचदा थायलंडहून विमानानं येतं. भाव वाढतो तो या सरंजामामुळे, आणि निसर्गावरचा बोजाही त्याच सरंजामाचा असतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डच गुलाब हॉलंडहून येत नाही, तो आपल्या मावळातल्या आणि नाशिककडच्या पॉलिहाउसमध्ये पिकतो, आणि तोही शेतकऱ्याच्याच कष्टाचा आहे. उलट ज्यांना आपण अस्सल देशी समजतो ते झेंडू आणि गुलछडी मूळचे मेक्सिकोचे. म्हणून फुलाचं मूळ गाव शोधत बसू नका. ते आज कुठे पिकलं आणि इथवर कसं आलं, हे विचारा. वधूच्या हातातल्या गुच्छात आठ-दहा डच गुलाब असले तर काहीच बिघडत नाही. त्याच गुलाबांनी वीस फूट भिंत मढवायची ठरवली की बिलही फुगतं आणि कचराही.

भाव तारखेवर ठरतो

डिसेंबरात हापूस मागितला तर काय होईल, हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. फुलांच्या बाबतीत मात्र हे भान सुटतं. मे महिन्यातल्या लग्नात पाहिलेले मोगऱ्याचे पडदे जानेवारीतल्या लग्नात मागितले जातात. मोगरा उन्हाळ्याचा. थंडीत झाडाला कळी कमी येते आणि किलोचा भाव उन्हाळ्याच्या कितीतरी पट होतो. त्या दिवसांत गजऱ्याला कागडा घ्या. वास मोगऱ्याइतका नाही, पण केसांत तितकाच देखणा दिसतो.

शेवंतीचं उलट आहे. रात्र मोठी झाली की शेवंतीला कळी धरते, म्हणून तुळशीच्या लग्नापासून पुढे थंडीभर ती मुबलक असते. अष्टरही थंडीत सगळ्यात सुरेख येतो. पुण्याच्या गणेशखिंड इथल्या कृषी संशोधन केंद्रानं काढलेले ‘फुले गणेश’ मालिकेतले पांढरे, गुलाबी आणि जांभळे अष्टर एकदा बाजारात हाताळून बघा. ते दिसल्यावर परदेशी फुलांची ओढ बरीच कमी होते. ग्लॅडिओलसच्या काड्याही थंडीतच घ्याव्या. गुलछडी आणि झेंडू जवळपास वर्षभर मिळतात, म्हणून कुठल्याही मुहूर्ताला पाया त्यांचाच धरावा. कोकणात लग्न फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असेल तर सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, मिळतो, आणि तो मिळत असताना वधूच्या केसांसाठी दुसरं काही बघूच नये. अबोली तर कोकणात आणि गोव्यात जवळजवळ बारा महिने असते. तिला वास नाही, वजन नाही, आणि दिवसभर केसांत राहूनही ती मलूल होत नाही.

हंगामावर सणांचा थर चढतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या आदल्या दिवशी शेवंती, झेंडू, गजरे सगळंच चढतं. १४ फेब्रुवारीच्या आठवड्यात डच गुलाबाचं नाव काढू नये. पाडवा, रामनवमी, अक्षय्य तृतीया हे दिवसही तसेच, आणि अक्षय्य तृतीयेला तर लग्नंही ढिगानं असतात. अधिक महिन्याचंही भान ठेवा, जसा २०२६ मधला १७ मे ते १५ जूनचा अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात बहुतेक घरं लग्न करत नाहीत, म्हणजे उन्हाळ्यातली लग्नं आधीच्या आठवड्यांत कोंबली जातात आणि फुलांची मागणीही. तारीख आपल्या हातात नसेल तर निदान फुलाचा प्रकार हातात ठेवा. डेकोरेटरला “पांढरी फुलं, जी त्या आठवड्यात स्वस्त असतील ती” असं सांगितलं की त्याला गुलछडी, शेवंती आणि अष्टर यांत फिरायला जागा मिळते. “गुलछडीच हवी” म्हटलं की बाजार सांगेल तो भाव.

फुलांच्या खाली काय आहे

स्टेजवरच्या किंवा टेबलावरच्या फुलांच्या रचनेत हात घालून बघा. बहुतेक वेळा आत हिरवी वीट सापडते. हिला फ्लोरल फोम म्हणतात, बाजारात ‘ओअॅसिस’ या नावानंच ओळखतात. १९५४ साली अमेरिकेत ती फुलवाल्यांसाठी बनवली गेली. फिनॉल-फॉर्माल्डिहाइड या प्लास्टिकचा हा फेस आहे. पाण्यात बुडवली की पाणी शोषून घेते आणि दांडा खुपसला की घट्ट धरून ठेवते. काम उत्तम करते, यात शंका नाही. पण एकदा भोकं पडली की ती पुन्हा वापरता येत नाही. नखानं दाबली तर हिरवी भुकटी बोटाला चिकटते. ही भुकटी कुजत नाही. बादलीतलं पाणी मोरीत ओतलं की तिचे बारीक कण गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातात. फुलं कुजतील म्हणून सगळा ढीग खतात टाकला तर खतातही प्लास्टिक मिसळतं.

याला उत्तर आपल्या परसात आहे. केळीचा खुंट. फूटभर लांबीचे तुकडे करून आडवे ठेवायचे, सळईनं भोक पाडायचं आणि दांडा त्यात खोचायचा. खुंटात इतकं पाणी असतं की संध्याकाळपर्यंत फूल टवटवीत राहतं. दाराशी केळीचे खुंट आपण लावतोच, त्याचे दोन जास्त आणायचे. मोठ्या रचनेसाठी पितळी घंगाळात किंवा मातीच्या कुंडीत ओली वाळू, किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी गोळा करून भांड्यात बसवायची. जुने फुलवाले हेच करत आणि जाळी वर्षानुवर्षं वापरत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. माळ नायलॉनच्या दोऱ्यावर ओवलेली नको, सुती दोरा किंवा कोकणात वापरतात ती केळीची सोपटं. चमकी मारलेली, रंग फवारलेली फुलं नकोत. निळी शेवंती झाडाला येत नाही, ती रंगात बुडवलेली असते. आणि सजावटीचा थर्माकोल तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, महाराष्ट्रात त्याच्याही आधीपासून. तरी नावाची अक्षरं थर्माकोलची करून देऊ असं कोणी म्हणालं तर नको म्हणून सांगा.

स्टेजचं गणित

आता आकड्यांवर येऊ, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात. मध्यम आकाराची झेंडूची साधारण शंभर-सव्वाशे फुलं एका किलोत बसतात. ती एकमेकांना चिकटून ओवली तर दहाएक फूट माळ होते. प्रत्येक दोन-तीन फुलांनंतर आंब्याचं पान घातलं तर तेवढ्याच फुलांत माळ आणखी लांब होते.

समजा स्टेजची पाठ वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच आहे. दर अर्ध्या फुटावर एक माळ सोडली तर चाळीस माळा, म्हणजे चारशे फूट, म्हणजे चाळीस किलो झेंडू. दर फुटावर एक सोडली तर वीस किलो. पाठीला साधं सुती कापड किंवा जुन्या साड्यांचा पडदा लावून फक्त दोन्ही बाजू आणि वरची पट्टी अशी तीन पदरी चौकट केली तर बारा किलो. फोटोत दिसतं ते वधूवरांच्या खांद्याच्या मागचं आणि डोक्यावरचं. बाकी भिंत सोफ्याच्या आणि माणसांच्या आड असते.

म्हणून डेकोरेटरशी बोलताना फुलाचं नाव नंतर काढा, आधी किलो विचारा. “किती किलो सुटी फुलं, किती जुड्या, सांगाडा आणि कापडाचं भाडं किती, ओवायची मजुरी किती?” हे चार आकडे वेगवेगळे लिहून मागितले की ‘पॅकेज’मधला गोंधळ तिथेच उघडा पडतो. मजुरीवर घासाघीस करू नका. रात्रभर मान खाली घालून माळा ओवणाऱ्या बायकांना त्यातलंच मिळतं. कमी करायचं तर भिंतीची लांबी कमी करा.

घरची माणसं हौशी असतील तर तोरणं आणि गौरीहरापुढच्या माळा घरीच होऊ शकतात. आदल्या रात्री सतरंजी पसरायची, जाड सुया आणि सुती दोरा घ्यायचा. देठ खुडायचा आणि सुई फुलाखालच्या हिरव्या बोंडातून आरपार न्यायची. पाकळ्यांतून नेली तर माळ उचलताच फूल निसटतं. पाव किलो ओवल्यावर हात बसतो. मात्र वरमाला घरी करू नका. तो हार जाड, समतोल आणि दोन-तीन तास गळ्यात टिकणारा लागतो. ते काम फुलाऱ्याचं आहे, त्याला त्याचे पैसे द्या. तीच गोष्ट मुंडावळ्यांची, ताज्या फुलांच्या करायच्या असतील तर. माझ्या मते खर्च करायचाच तर अंगावरच्या फुलांवर करावा. हार, गजरे, मुंडावळ्या, हळदीचे दागिने. ती फुलं जवळून दिसतात, त्यांचा वास दिवसभर सोबत राहतो, आणि सगळी मिळून वजनाला काही किलोच भरतात.

“झेंडू फार साधा दिसतो”

हे मी बऱ्याच मुलींकडून ऐकलं आहे, आणि त्यांचं वाटणं चूक नाही. केशरी आणि पिवळा झेंडू एकाआड एक लावला, मधे लाल गुलाब आणि वर रंगीत दिवे सोडले की देवळातल्या उत्सवाची कळा येते. दोष रंगांच्या गर्दीचा आहे, झेंडूचा नाही. एकच रंग घ्या. नुसता पिवळा झेंडू आणि भरपूर हिरवं. किंवा नुसती पांढरी शेवंती आणि गुलछडी, खाली अशोकाची, आंब्याची, सुरूची पानं. हिरवा पाला फुलांपेक्षा कितीतरी स्वस्त असतो आणि उन्हाला दाद देत नाही. कुंड्या तर भाड्यानं मिळतात. उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिकांची रांग आहे, आणि बहुतेक शहरांच्या वेशीवर अशा रोपवाटिका असतातच. दाराशी दोन्ही बाजूंना पामच्या किंवा शेवंतीच्या कुंड्या मांडल्या तर दुसऱ्या दिवशी त्या जिवंत परत जातात.

“प्लास्टिकची फुलं तर पुन्हा पुन्हा वापरता येतात”

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. एकच प्लास्टिकची माळ डेकोरेटर अनेक लग्नांत वापरतो हे खरं. पण तिचा शेवट काय होतो ते बघा. धूळ बसते, रंग उडतो, आणि मग ती फेकली जाते. कापड, तार, प्लास्टिक आणि डिंक एकात एक असल्यामुळे भंगारवाला ती घेत नाही. २०२२ च्या बंदीच्या यादीत सजावटीचा थर्माकोल आहे, प्लास्टिकची फुलं नाहीत, म्हणून हा सगळा वाद पेटला. आणि त्या फेरवापराचा फायदा आपल्या खिशात येत नाही. भाडं आपण दरवेळी देतो.

शेतकऱ्याचा हिशोबही यात आहे. झेंडूचं पीक साठवता येत नाही. त्या दिवशी गिऱ्हाईक मिळालं नाही तर भाव पडतो आणि क्रेटच्या क्रेट रस्त्याकडेला ओतावे लागतात. लग्नसराई ही सणांच्या मधली त्याची मागणी आहे. ती प्लास्टिकनं खाल्ली तर दसऱ्या-दिवाळीच्या चार दिवसांवर वर्ष निघत नाही. गाव जवळ असेल तर थेट शेतातून घ्या. अहिल्यानगरजवळचं अकोळनेर किंवा दौंडकडचं यवत अशी फुलांसाठी ओळखली जाणारी गावं आहेत. ठोक घेणाऱ्याला शेतकरी नाही म्हणत नाही, आणि बाजारभावापेक्षा चार पैसे जास्त दिले तरी आपल्याला स्वस्तच पडतं.

“मे महिन्यात दुपारपर्यंत सगळं कोमेजतं”

कोमेजतं, जर आदल्या संध्याकाळीच सगळं लावून टाकलं तर. झेंडूच्या माळा रात्री ओवून ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवा आणि पहाटे टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत वाफ धरते आणि फुलं काळी पडतात. गुलाबाच्या सुट्या पाकळ्या उन्हात सगळ्यात आधी सुकतात, म्हणून त्या अगदी वेळेवर काढा.

मोगऱ्याचं वेळापत्रक समजून घेतलं तर फसगत होत नाही. कळ्या पहाटे खुडतात आणि त्याच संध्याकाळी उमलतात. संध्याकाळच्या रिसेप्शनला सकाळी आणलेला गजरा बरोबर वेळेवर फुलतो. सकाळच्या मुहूर्तासाठी मात्र आदल्या दिवशीच्या कळ्या ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवाव्या, म्हणजे उमलणं लांबतं. गुलछडीही संध्याकाळीच वास सोडते. सुवासासाठी हवी असेल तर एकेरी पाकळीची घ्या. दुहेरी गुलछडी दांड्यावर देखणी दिसते, पण दरवळ एकेरीचाच.

“कार्यालयाचा डेकोरेटर सक्तीचा आहे”

आजकाल बऱ्याच ठिकाणी असंच असतं. म्हणून हा प्रश्न कार्यालय ठरवतानाच, ॲडव्हान्स द्यायच्या आधी विचारा: बाहेरची फुलं आणता येतील का? नाही म्हणाले तरी तीन ओळी लेखी घालून घेता येतात: फोम वापरणार नाही, प्लास्टिकची फुलं मिसळणार नाही, आणि फुलांचं वजन बिलावर लिहीन. तिसरी ओळ सगळ्यात उपयोगी, कारण खऱ्या फुलांच्या मधे नकली भरून जागा भागवणं ही नेहमीची युक्ती आहे, आणि वजन लिहिलं की ती चालत नाही. पत्रिकेत ‘पुष्पगुच्छ आणू नयेत’ ही ओळही छापा. सेलोफेनमध्ये गुंडाळलेले शंभर गुच्छ स्टेजमागे पडून राहतात, ते तरी टळेल.

लग्न झाल्यावर

फुलं ओला कचरा आहेत, पण तारा, टाचण्या, नायलॉन आणि सेलोफेन त्यात गुंतलेलं असेल तर महापालिकेची गाडी तो ढीग मिश्र कचरा म्हणूनच नेते. म्हणून उतरवण्याचं काम आधीच कोणावर तरी सोपवा, शक्यतो वऱ्हाडातल्या नव्हे तर दमलेल्या नसलेल्या माणसावर. माळेचं एक टोक कापून दोरा ओढला की फुलं सरसर खाली येतात, दहा फुटांच्या माळेला काही सेकंद पुरतात. हार-माळा ‘देवाच्या कामाच्या’ म्हणून नदीत सोडू नका, कुजताना त्या पाण्यातला प्राणवायू खातात. फुलांवर कीटकनाशकांची फवारणी झालेली असते म्हणून केकवर किंवा ताटात पाकळ्या पसरू नका, आणि गुरांनाही घालू नका. सोसायटीत खताचा खड्डा असेल तर तिथे द्या. घरी करायचं तर थराला थर लावा आणि फुलांपेक्षा वाळका पाला जास्त घ्या, नाहीतर वास सुटतो आणि चिलटं होतात.